ध्वनिवर्धकाची कुळकथा

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड अर्विन यांच्या हस्ते मोठ्या थाटाने झाले. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, २ ऑगस्टच्या सकाळी, हॅरल्ड ब्लॅक नावाचा एकोणतीस वर्षांचा अमेरिकन इंजिनियर हडसन नदी ओलांडणाऱ्या आगबोटीतून न्यूयॉर्कमधील आपल्या प्रयोगशाळेकडे निघाला होता. कित्येक वर्षे छळणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर त्याला त्या प्रवासात एकाएकी सुचले. जवळ कागद नव्हता. म्हणून हातातील 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावरच त्याने आकृती व समीकरणे लिहिली आणि खाली सही ठोकली. मुंबईच्या समारंभाची वार्ता देशभर झाली, आगबोटीतील आकृतीची कोणास दादही नव्हती. तथापि पुढे नभोवाणी, बोलपट, ध्वनिमुद्रण आणि सभास्थाने यांतून जो आवाज माणसांच्या कानी पडू लागला, त्याचे स्वच्छपण त्या वृत्तपत्राच्या पानाचे ऋणी आहे.

आवाज दूर नेण्याची गरज आपल्याकडे किती होती, हे सांगावयास १९३१ चा मार्च महिना पुरेसा आहे. त्या महिन्याच्या १४ तारखेस गिरगावातील मॅजेस्टिक चित्रगृहात 'आलम आरा' हा हिंदुस्थानातील पहिला बोलपट लागला, आणि महिनाअखेरीस कराचीस काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींचा आवाज मृदू, आणि ऐकणारे हजारोंच्या संख्येने. नाटकमंडळीतील नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविण्यासाठी गळा तयार करीत. कीर्तनकारांची तर सारी कमाई गळ्याची. पण राजकीय सभेचा समुदाय गळ्याच्या आटोक्याबाहेर गेला होता. मुंबईच्या 'शिकागो रेडिओ' या पेढीचे नानिक मोटवाने यांनी कराचीच्या अधिवेशनापासून काँग्रेसच्या सभांस ध्वनिक्षेपक पुरविण्याचे काम अंगावर घेतले. नाव शिकागोचे, पेढी मुंबईची आणि चालक सिंधी, असा तो प्रकार होता. पुढील काळातील पुढाऱ्यांची छायाचित्रे पाहिली, तर त्यांच्या मुखापुढील यंत्रावर 'शिकागो रेडिओ' ही अक्षरे कितीदा तरी दिसतात. १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात हेच मोटवाने आरोपी म्हणून उभे होते आणि त्यातून ते निर्दोष सुटले. पण ती हकीकत निराळी.

मुखापुढील त्या यंत्रापासून कर्ण्यापर्यंतच्या वाटेत जे उपकरण बसते, ते वर्धक होय. बोलणाऱ्याच्या श्वासाने ध्वनिग्राहकात जो विजेचा दाब निर्माण होतो, तो एका व्होल्टाच्या हजाराव्या हिश्शाइतका असतो. कर्णा हलविण्यास कित्येक व्होल्ट लागतात. लहानाचे मोठे करावयाचे, पण आकार बदलू द्यावयाचा नाही, एवढेच वर्धकाचे कर्तव्य. सांगावयास सोपे आणि करावयास अतिशय कठीण. काचेच्या निर्वात व्हॉल्व्हमध्ये लहान लहरी जितक्या पटीने वाढत, तितक्याच पटीने मोठ्या लहरी वाढत नसत. आज घेतलेला व्हॉल्व्ह आणि सहा महिने वापरलेला व्हॉल्व्ह यांचे वागणे सारखे नसे. एकाच पेटीतील दोन व्हॉल्व्हसुद्धा सख्ख्या भावांइतके भिन्न. ब्लॅक ज्या बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करी, तिला अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत संभाषण न्यावयाचे होते. वाटेत वर्धकांची रांग लावावी लागे आणि प्रत्येकाची विकृती पुढच्याच्या पदरात पडे. निर्दोष व्हॉल्व्ह बनविण्याच्या खटपटीत अनेकांनी वर्षे घालविली. ब्लॅकचे मोठेपण हे की, व्हॉल्व्ह सदोष राहणारच, हे त्याने मान्य केले.

त्याची युक्ती समजण्यास एका रंगाऱ्याची आठवण उपयोगी पडेल. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात देवगाव रंगारी नावाचे गाव आहे. त्या नावात हा जुना व्यवसाय आजही ऐकू येतो. रंगाऱ्यास गिऱ्हाइकाने एक चिंधी आणून दिली आणि 'अगदी असाच रंग हवा' असे बजावले, तर तो काय करतो? कापड बुडवितो, पिळतो, उजेडात चिंधीशेजारी धरतो. फिके दिसले तर पुन्हा बुडवितो, गडद झाले तर धुतो. रंगाची पूड कमीअधिक जोराची असो, पाणी जड असो की हलके, शेवटी कापड चिंधीसारखेच उतरते; कारण निवाडा पुडीकडे नसून चिंधीकडे असतो. ब्लॅकने वर्धकास असाच रंगारी बनविले. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा अल्प भाग उलटा करून तो मूळ आवाजाशेजारी आणून ठेवावयाचा आणि त्या दोहोंत जी तफावत दिसेल, तेवढीच व्हॉल्व्हच्या हाती द्यावयाची. हाच तो फीडबॅक. रंगाऱ्याचे बुडविणे आणि ताडून पाहणे आळीपाळीने चालते, विजेचे मात्र दोन्ही एकाच वेळी आणि अखंड चालते, एवढाच काय तो भेद.

आकडे पाहिले म्हणजे युक्तीचे बळ ध्यानात येते. एखादा वर्धक अंगच्या बळाने आवाज १,००,००० पट वाढवितो. पण फीडबॅक लावून त्याच्याकडून फक्त १०० पटीचे काम मागितले, तर तो ९९.९ पट वाढ देतो. आता व्हॉल्व्ह म्हातारा झाला आणि त्याचे बळ निम्म्यावर, म्हणजे ५०,००० वर आले. परिणाम? वाढ ९९.८ पट. निम्मे बळ गेले आणि ऐकणाऱ्यास हजारात एकाचाच फरक! हा सौदा फुकट नाही. ९९,९०० पटींचे बळ जाणून बुजून वाया घालवावे लागते. ज्या काळात एकेक व्हॉल्व्ह महाग होता आणि थोडे अधिक बळ मिळविण्यासाठी इंजिनियर जिवाचे रान करीत, त्या काळी हे उधळेपण वेडाचारासारखे वाटले, यात नवल नाही. अमेरिकेच्या पेटंट कचेरीकडे ब्लॅकचा अर्ज १९२८ च्या ऑगस्टमध्ये गेला. पेटंट हाती पडले ते २१ डिसेंबर १९३७ रोजी. दरम्यान नायक्विस्ट या त्याच्याच सहकाऱ्याने १९३२ साली असा वर्धक केव्हा स्थिर राहील आणि केव्हा आपोआप किंचाळू लागेल, याचे गणित बसवून दिले होते. सभेत ध्वनिक्षेपक एकाएकी शीळ घालू लागतो, ती अशाच एका फीडबॅकची, परंतु वाट चुकलेल्या फीडबॅकची, करामत होय.

येथपर्यंत वर्धक आवाजाच्या चाकरीत होता. दुसऱ्या महायुद्धाने त्याला गणिताच्या चाकरीत धाडले. विमानाचा वेग, अंतर आणि उंची यांवरून तोफेचा रोख ठरविण्यासाठी बेरजा, वजाबाक्या आणि कलनगणिताच्या क्रिया क्षणार्धात करावयाच्या होत्या. फीडबॅकच्या वाटेवर योग्य ते रोध व धारित्रे बसविली की, वर्धक विजेच्या दाबांची बेरीज करून देतो, हे बेल प्रयोगशाळेतील मंडळींनी ओळखले. तेथील कार्ल स्वार्ट्झेल याने अशा बेरीज करणाऱ्या वर्धकाच्या पेटंटाचा अर्ज १९४१ साली केला. मे १९४७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे जॉन रगाझिनी व त्यांचे दोन सहकारी यांनी एका निबंधात या वर्धकाचे नामकरण केले. 'ऑपरेशनल अँप्लिफायर' हे ते नाव. गणिताची क्रिया करून दाखविणारा वर्धक, असा त्याचा सरळ अर्थ. लाडाने त्याला 'ऑप-अँप' म्हणतात. नामकरण होऊन पुरते वर्ष लोटले नाही तोच, त्या वर्षाच्या डिसेंबरात, बेल प्रयोगशाळेतच ट्रान्झिस्टरचा जन्म झाला.

हा वर्धक बाजारात सुटा विकत मिळावा, ही कल्पना बॉस्टनच्या जॉर्ज फिलब्रिक यांची. १९५२ साली त्यांनी के२-डब्ल्यू नावाचा ठोकळा काढला. त्यात दोन जोडव्हॉल्व्ह होते, तो तीनशे व्होल्टांच्या धन आणि ऋण अशा दुहेरी पुरवठ्यावर चाले आणि रेडिओच्या व्हॉल्व्हप्रमाणे खाचेत बसविता वा उपटता येई. आत काय आहे याची पंचाईत न करता, बाहेर चार भाग जोडून आपणास हवे ते काम करून घ्यावे, ही सवय इंजिनियरांना या ठोकळ्याने लावली. गवंड्याला वीट भाजता येणे आवश्यक नाही, तसेच हे.

पुढे व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आले. आणि मग कॅलिफोर्नियातील फेअरचाइल्ड कंपनीत रॉबर्ट विडलर नावाचा एक अवलिया आला. पेयपान, भांडणे आणि खोड्या यांबद्दल त्याच्या जितक्या कथा आहेत, तितक्या क्वचितच एखाद्या इंजिनियरच्या असतील. सारा ऑप-अँप सिलिकनच्या एकाच कणावर कोरण्याचे काम त्याने केले. १९६४ साली त्याचा ७०२ आणि १९६५ साली ७०९ हा वर्धक विक्रीस आला. ७०९ ची प्रारंभीची किंमत सुमारे सत्तर डॉलर होती. ती दहा डॉलरांखाली, मग पाच डॉलरांखाली घसरली आणि १९६९ च्या सुमारास ऑप-अँप दोन डॉलरांस मिळू लागला. १९६८ साली डेव्हिड फुलगर याने काढलेला ७४१ तर इतका सोशिक होता की, नवशिक्याच्या हातूनही बिघडत नसे. तो किंचाळू नये म्हणून लागणारे ३० पिकोफॅरडचे धारित्रही त्याच्या पोटातच बसविले होते. पाठ्यपुस्तकांत आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ७४१ ने जे ठाण मांडले, ते पन्नास वर्षांनंतरही हललेले नाही.

येथे गोष्ट संपावयास हवी होती. वर्धक अचूक झाला, स्वस्त झाला, नखाएवढा झाला. पण गणितास पुरणारा वर्धक गाण्यास पुरेना! ७४१ चा बाहेरचा दाब एका मायक्रोसेकंदात अर्ध्या व्होल्टापेक्षा अधिक वेगाने चढू शकत नाही. मानवी कानास ऐकू येणारी सर्वांत तार लहर सेकंदास वीस हजार कंपनांची. ती ७४१ मधून जास्तीत जास्त चार व्होल्टांपर्यंतच धडपणे निघते. ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात दहा व्होल्टांची अपेक्षा असते, आणि तेवढ्या दाबाला ७४१ आठ हजार कंपनांपलीकडे दमतो. टाळांचा झणत्कार, सतारीच्या तारेवरील मिजराबीचा आघात, 'स' या अक्षराचा फूत्कार, या साऱ्यांचा जीव त्या वरच्या कंपनांतच असतो. शिवाय त्या वर्धकाची स्वतःची खरखर होती. ध्वनिमिश्रणाच्या मोठ्या मेजावर एका गायकाचा आवाज पाचदहा वर्धकांतून जाई, आणि असे चोवीस मार्ग एकत्र केले की, निःशब्द विरामात पावसाच्या सरीसारखा सूं आवाज ऐकू येई. तानपुऱ्याची आस हळूहळू मावळत असताना तिच्यावर ही सर कोसळावी, यापरता रसभंग कोणता?

म्हणून ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातील लोकांनी आपला वर्धक आपणच घडवावयाचे ठरविले. साठीच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्ककडील ऑटोमेटेड प्रोसेसेस या कंपनीचे सॉल वॉकर यांनी २५२० या नावाचा ऑप-अँप काढला. त्यात सुटे ट्रान्झिस्टर व रोध दाटीने बसवून सारे काही राळेत ओतून टाकले होते. इंचापेक्षा थोड्या मोठ्या बाजूचा तो काळा चौकोन, खाली सहा पिना. तो मोठा भार सहजी ओढी आणि त्याच्या आवाजावर लोक लुब्ध झाले. राळेचा एक उपयोग उष्णता सारखी पसरविण्याचा. दुसरा, आत काय आहे हे शेजाऱ्यास कळू न देण्याचा. असे ठोकळे महाग पडत. मेजास शेकडो लागत, आणि त्यामुळे मेज लक्षाधीशाच्याच दारी शोभे.

या गुप्ततेच्या रिवाजास छेद देणारा मनुष्य म्हणजे कॅलिफोर्नियाचे डीन जेन्सन. ध्वनीच्या रोहित्रांबद्दल त्यांची ख्याती होती. १९८० साली त्यांनी आपल्या जेई-९९० या सुट्या भागांच्या ऑप-अँपची संपूर्ण आकृती ध्वनिशास्त्राच्या मासिकात छापली. कोणता भाग कोठे, किती मूल्याचा आणि का, हे सारे उघड केले. पहिल्या पायरीवर त्यांनी एक जुळी जोडी योजिली होती. सिलिकनच्या एकाच कणावर अनेक बारीक ट्रान्झिस्टर एकमेकांत विणून त्यांचे दोन बनविलेले, म्हणून त्यांची प्रकृती तंतोतंत सारखी. ही आकृती पाहून जगभरच्या लहान कारागिरांनी आपापले वर्धक केले. आवाजाच्या यंत्रांच्या इतिहासात या मासिकातील काही पानांचे मोल एखाद्या कारखान्याइतके आहे, असे म्हणावयास हरकत नाही. जेन्सन १९८९ साली निवर्तले. आकृती मागे राहिली.

याच सुमारास कण बनविणाऱ्यांनीही कान उघडले. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात सिग्नेटिक्स कंपनीचा ५५३४ आणि त्याचा जोडीदार ५५३२ निघाला. मायक्रोसेकंदास तेरा व्होल्ट वेग, खरखर अत्यल्प आणि सहाशे ओहमचा व्यावसायिक भार पेलण्याची ताकद. ७४१ ज्याला नकार देई, ते सारे यात होते. आज हा कण काही रुपयांत मिळतो.

आपल्याकडील परिस्थिती मात्र निराळी होती. स्वातंत्र्यानंतर चार दशके परदेशी सुटे भाग आणावयाचे म्हणजे परवाना आणि जबर जकात यांची दुहेरी वेस ओलांडावी लागे. डॉ. होमी भाभा यांचा आग्रह होता की, उपकरणे येथेच घडावीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि तुर्भ्याच्या अणुकेंद्रात मोजणीची यंत्रे व वर्धक तेथील लोकांनीच बनविले. त्यांच्या अध्यक्षतेखाली १९६३ साली नेमलेल्या समितीचा अहवाल १९६६ साली आला, आणि तुर्भ्याच्या त्याच इलेक्ट्रॉनिक विभागातून १९६७ साली हैदराबादेस सरकारी कारखाना निघाला. पण हा सारा उद्योग विज्ञानासाठी आणि संरक्षणासाठी होता. गाणे मुद्रित करणाऱ्यास त्यातून काय मिळावे? १९७३ साली अंधेरीस सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक निर्यात विभाग उभा राहिला. पण नावाप्रमाणे तेथील माल परदेशी जाण्यासाठी होता. अंधेरीच्या भिंतीआड जे बने, ते अंधेरीच्याच ध्वनिमुद्रकास उघडपणे घेता येऊ नये, असा तो विलक्षण न्याय!

मग सामान्य कारागिराचे गुरुकुल कोणते? मुंबईत लॅमिंग्टन रस्ता, म्हणजे आजचा डॉ. भडकमकर मार्ग, पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाचा परिसर. तेथे मोडीत निघालेल्या यंत्रांतून काढलेले भाग, पुड्यांत बांधलेले रोध आणि ट्रान्झिस्टरची मूठ मूठ विक्री. दुकानदार पदवीधर नसे. पण कोणत्या भागाऐवजी कोणता चालेल, हे त्यास मुखोद्गत असे. गणेशोत्सवाच्या मांडवासाठी, तमाशाच्या फडासाठी, भजनी मंडळासाठी लागणारे वर्धक याच पेठांच्या जोरावर बनत आले. त्यांत सफाई कमी असेल. पण गावोगावच्या माणसांचा आवाज गर्दीच्या शेवटच्या रांगेत पोहोचला, तो बहुतांशी यांच्यामुळे.

आता 'हायब्रिड' ऑप-अँप या शब्दाकडे वळू. हायब्रिड म्हणजे संकर. सारे एका कणावर कोरणे हा एक मार्ग. सारे सुटे भाग जोडणे हा दुसरा. आणि दोहोंतील उत्तम ते एकत्र आणणे हा तिसरा, तोच हा. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला कारखान्यातला. शुभ्र चिनीमातीसारख्या दिसणाऱ्या ॲल्युमिनाच्या पातळ पाटीवर चांदी व पॅलेडियम यांची राबडी जाळीतून छापावयाची, वाळवावयाची आणि सुमारे ८५० अंशांच्या भट्टीतून पाटी सावकाश पुढे न्यावयाची, म्हणजे तारांचे जाळे पाटीस कायमचे चिकटते. मग दुसऱ्या राबडीने रोध छापावयाचे, पुन्हा भाजावयाचे आणि लेसरच्या किरणाने कडेने किंचित खरवडून प्रत्येकाचे मूल्य बरोबर करावयाचे. शेवटी आवरण नसलेले सिलिकनचे कण चिकटवून केसाहून बारीक सोन्याच्या तारांनी जोडावयाचे. कापडावर जाळीतून नक्षी छापणाऱ्या छिप्यास यातील पहिला अर्धा भाग पाहताक्षणी समजेल. त्याची जाळी रेशमाची, ही पोलादाची. या 'जाड थराच्या' विद्येचा अभ्यास पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात दीर्घकाळ झाला. पाषाणजवळ १९९० साली स्थापन झालेल्या सी-मेट या सरकारी संस्थेच्या पुणे शाखेने तर लागणारी राबडीच देशात बनविण्याचा उद्योग हाती घेतला. राबडी परदेशी आणि पाटी परदेशी असेल, तर छपाई देशी असून स्वस्ताई येत नाही, हे तेथील मंडळींनी जाणले होते.

दुसरा प्रकार कारागिराच्या मेजावरचा, आणि स्वस्ताईची खरी किल्ली येथे आहे. त्याला भट्टी लागत नाही. मध्यभागी ५५३४ सारखा बाजारी कण ठेवावयाचा. तो बळाचे काम करतो. त्याच्या पुढे जुळ्या ट्रान्झिस्टरांची एक जोडी बसवावयाची. ती खरखर कमी करते. त्याच्या मागे बीडी १३९ आणि बीडी १४० यांसारखे कोणत्याही पेठेत मिळणारे दोन जोरकस ट्रान्झिस्टर लावावयाचे. ते भार ओढतात. सहाशे ओहमच्या भारावर दहा व्होल्ट द्यावयाचे, तर १७ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. लांब तारा आणि रोहित्रे असतील तर याच्या कित्येक पट. तो ताण बाहेरच्या जोडीवर पडला की, मधला कण थंड राहतो, आणि थंड कण शहाण्यासारखा वागतो. फीडबॅकचा वेढा मात्र या तिन्ही पायऱ्यांभोवती घालावयाचा. म्हणजे मागच्या स्वस्त ट्रान्झिस्टरांचे दोष ब्लॅकच्या न्यायाने आपोआप दुरुस्त होतात. मागील पायरीवर पैसे खर्चू नयेत, पुढील पायरीवर खर्चावे. कारण पुढील जोडीची खरखर मूळ आवाजातच मिसळते आणि मग ती चिंधीवरचाच डाग ठरते. रंगारी डागासह रंग जुळवून देणार.

पुढील जोडी महागडी घ्यावयाची नसेल, तर वेळ खर्चून ती मिळविता येते. एकाच घाण्यातील शंभर ट्रान्झिस्टर आणावे. प्रत्येकातून सारखाच प्रवाह सोडून त्याच्या दोन टोकांतील दाब मोजावा. आणि ज्यांचे दाब एका मिलिव्होल्टाच्या आत जुळतील, त्यांच्या जोड्या लावाव्यात. मोजताना त्यांस बोट लावण्याची सोय नाही. एका अंशाने ऊब वाढली की, हा दाब दोन मिलिव्होल्टांनी उतरतो, म्हणजे बोटाच्या स्पर्शाने सारे मोजमाप खोटे पडते. जोडी जुळली की दोन्ही ट्रान्झिस्टर तोंडास तोंड लावून तांब्याच्या पट्टीने आवळावे, म्हणजे पुढे एक तापला तर दुसराही तितकाच तापेल. ज्या देशात भाग महाग आणि चिकाटीचे हात मुबलक, त्या देशास हा व्यवहार परवडतो. कंपनीच्या हिशेबात मात्र तो बसत नाही. म्हणूनच हा वर्धक लहान कारागिराच्या हातचा.

या सर्व खटाटोपाने मिळते काय, तेही मोजून सांगता येते. ध्वनिग्राहकातील तारेचा रोध दोनशे ओहम असेल, तर त्या तारेतील कणांच्या केवळ उष्णतेमुळे जी खरखर उपजते, ती श्रवणाच्या साऱ्या पट्ट्यात ०.२६ मायक्रोव्होल्ट भरते. तिच्यावर इलाज नाही. ती तार जगातील कोणत्याही मोलाच्या यंत्रास जोडली तरी तेवढी असणारच. ही गोष्ट जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ सालीच दाखवून दिली. नुसता ५५३४ जोडला तर एकंदर खरखर सुमारे ०.६२ मायक्रोव्होल्ट होते. पुढे चांगली जुळी जोडी बसविली की ती ०.२९ वर येते, म्हणजे निम्म्याहून कमी, आणि एवढा फरक कोणत्याही श्रोत्याच्या कानास कळतो. यापुढे कितीही द्रव्य ओतले, राळेतील ठोकळा आणला किंवा साता समुद्रांपलीकडून मेज मागविले, तरी मिळविण्यासारखे उरते ते ०.२९ आणि ०.२६ यांमधील अंतर.